बांधावरचं गवत

रात्री अडीचला उठते.
काचपट्टीवर व्हॅसलीनचं बोट फिरवते,
बांबूच्या चिमट्यात खोचून मळ्यात उभी करते,
पानांच्या उंचीला, वाऱ्याकडे तोंड करून.
करप्याचे बीजाणू पहाटेच्या आधी सुटतात.
तेव्हा दव पडलेलं असतं, कुत्री झोपलेली असतात
आणि पालशेतची खाडी चिखलाचा वास घेऊन
उघाडीपर्यंत आलेली असते.

सकाळी पोस्टामागच्या खोलीत
सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसते.
एकेक काजूच्या बोंडाच्या आकाराचा,
आत दोन भिंती, तीन खोल्या.
वाटणी झालेलं घर, पण भांडण नाही:
ओलं पान लागलं की तिन्ही खोल्या
आपलं होतं नव्हतं ते
पुढच्या एका काळ्या बुडबुड्यात ओततात
आणि मरून जातात.
बुडबुडा फुगतो.
एसटीचं टायर ज्याने कधीच फुटलं असतं असा दाब
डोळ्याला न दिसणाऱ्या टोकावर गोळा होतो.
मग पानाला भोक पडतं.
सोनू धोपटला हे सांगितलं, तर म्हणाला,
"येवडी ताकद हाय तर नांगराला जुपा की."

त्याचं म्हणणं निराळंच होतं.
करपा आला तो धाकट्या रावजीच्या बांधावरून.
"गवात कापलान नाय त्याने. मुद्दाम."
रावजी म्हणतो, बांध दोघांचा.
(हे गुहागरच्या कोर्टात सतरा वर्षं चाललंय.)
दोघांनी एकेक पान आणून टेबलावर ठेवलं,
एकाने गवताचं, एकाने भाताचं.
दोन्हींवर तोच ठिपका:
कडेला तपकिरी, मध्ये राख,
दोन्ही टोकांना निमुळता,
मिटायचा राहिलेला डोळा.
"बघा," सोनू म्हणाला.
"बघा," रावजीही म्हणाला.

बघितलं.
बोंड तेच, भिंती त्याच,
मापातही फरक निघेना.
मग बारा कुंड्यांत जया भाताची रोपं लावली,
गवतावरची बुरशी पाण्यात कालवून फवारली,
वर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या,
आत घाम धरेपर्यंत.
गौरी आल्या, जेवल्या, गेल्या.
भाताच्या पानांवर
मोहरीहून बारीक तपकिरी टिंबं उमटली
आणि तिथेच थांबली.
एकाच कुळाच्या दोन बुरशा,
कधी वेगळ्या निघाल्या कुणालाच आठवत नाही,
एकमेकींच्या दारात पाय ठेवत नाहीत.

हे सांगायला गेले, तर
सोनूने रातोरात बांध भादरला होता.
रावजी अंगणात उभा, भारे मोजत:
"सहा. तीन माझे."
भांडण आता म्हशीपर्यंत पोचलं होतं.
मी अहवाल वाचून दाखवला.
दोघांनी ऐकला, दोघांनी मान हलवली,
दोघांनी एकाच वेळी तिसऱ्या भाऱ्याला हात घातला.

इंदिराने कोरा चहा दिला.
तिने एकटीनेच विचारलं,
"मग आमच्यात आला कुठनं?"
मी म्हटलं, वाऱ्याने. बियाण्यातून.
वळचणीखालच्या गेल्या सालच्या पेंढ्यातून.
हे सगळं खरं आहे.
पण हे सांगितलं नाही की
रोज रात्री अडीचला
रावजीच्या भातातून सोनूच्या भातात जाणारी,
गुडघ्यापर्यंत भिजलेली, एक मीही आहे.
पायवाटच तशी आहे.
वारा माझ्यापेक्षा हजारपट नेतो, हे मला ठाऊक आहे.
तरी हल्ली दोन मळ्यांच्या मध्ये थांबून
बूट स्पिरिटने पुसते.
इंदिरा लांबून बघते, काही बोलत नाही.

चौथ्या दिवशी भादरलेल्या बांधावर
गवताने पुन्हा बोटं वर काढली.
पहिल्याच पानावर ठिपका शोधला.
नव्हता.
उद्या परत बघेन.